विश्लेषण : गावातला धंदा अडतो कुठं? भांडवलात कमी, भिडेत जास्त

गावातल्या किराणा दुकानात एक पाटी हमखास दिसते – ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी भिंतीवर असते आणि उधारीची वही गल्ल्याशेजारी. पाटी वाचून गिऱ्हाईक हसतं, दुकानदारही हसतो आणि साखर-चहापत्ती वहीत लिहून घरी जाते. नाही म्हणायचं तरी कुणाला? समोर उभा असतो तो भावकीतला, शेजारचा, नाहीतर पोराच्या वर्गमित्राचा बाप.

‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण जुन्या माणसांच्या तोंडी कायम असायची. आज तालुक्याच्या गावात मोठी मार्ट आली, मोबाइलवरून मागवलेला माल वाडीवस्तीपर्यंत पोचू लागला, तेव्हा ही म्हण छोट्या धंदेवाल्याला नव्यानं लागू पडते.

धंदा का वाढत नाही असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, भांडवल नाही. ते खोटं नाही. पण भांडवल मिळूनही दोन वर्षांत शटर खाली ओढलेले गाळे प्रत्येक बाजारपेठेत दिसतात. पैशाआधी काही कामं करावी लागतात. ती अवघड नसतात, अवघडल्यासारखी वाटणारी असतात. उधारी मागणं, भाव वाढवून सांगणं, रोजचा हिशोब लिहिणं, बँकेच्या साहेबासमोर बसणं, अनोळखी गिऱ्हाइकाला माल दाखवणं. ही कामं टाळली की मन शांत राहतं, पण धंदा आहे तिथंच राहतो.

उधारीचं गणित

एक साधा हिशोब धरू. दुकानात १०० रुपयांच्या विक्रीमागे १० रुपये सुटतात. कुणी ५ हजारांची उधारी बुडवली, तर दुकानदाराचे माल आणायला घातलेले साडेचार हजार गेले. ते भरून काढायला त्याला आणखी ४५ हजारांचा माल विकावा लागतो. म्हणजे एका गिऱ्हाइकाला नाही म्हणायची लाज वाटली, तिची किंमत ४५ हजारांच्या विक्रीएवढी. लाइट बिल आणि गाळ्याचं भाडं यात धरलेलंच नाही.

मग उधारी बंदच करावी का? शहरातल्या सल्लागाराला ते सोपं वाटतं. गावात तसं चालत नाही, कारण गावातला पैसा रोज येत नाही. दुधाचा पगार बऱ्याच ठिकाणी दहा दिवसांनी होतो. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे बिल द्यावं असा नियम आहे, पण ते किती दिवसांनी हातात पडतं हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. सोयाबीन, कांदा, कापसाचे पैसे हंगामात एकदाच. अशा ठिकाणी उधारी ही गिऱ्हाइकाची सवय नाही, गरज आहे.

म्हणून खरा उपाय ‘बंद’ हा नाही, ‘बांधलेली उधारी’ हा आहे. प्रत्येक घराची मर्यादा ठरलेली. दूधवाल्या घराला दुधाच्या पगाराची तारीख, नोकरदार घराला महिन्याची तारीख. जुनी बाकी निम्मी आल्याशिवाय नवा माल नाही. आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन किंवा मेसेज – भांडणाचा नाही, आठवणीचा. हे पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळते. एखाददुसरं गिऱ्हाईक रुसून दुसऱ्या दुकानात जातंही. पण जे नुसत्या उधारीसाठी येत होतं, ते गेल्यानं दुकान बुडत नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. भावकीला वेगळा आणि परक्याला वेगळा नियम लावला, की मात्र कुरबुर सुरू होते.

भाव सांगताना आवाज का बसतो?

दुसरं अवघड काम म्हणजे स्वतःच्या मालाची खरी किंमत सांगणं. हे सगळ्यात जास्त अडतं ते बचत गटातल्या महिलांचं. चकली, मसाला, पापड, शेवया यांचा भाव ठरवताना सामानाचा खर्च धरला जातो, हातांचा धरला जात नाही.

उदाहरणादाखल असं समजा, किलोभर चकलीला भाजणी, तेल, मसाला मिळून १७० रुपये, गॅस २० आणि पाकीट १० रुपये लागले. एकूण २००. विक्री २६० ला. वरकरणी ६० रुपये सुटले. पण दोघी दोन-दोन तास बसल्या असतील तर तासाला पडले १५ रुपये, म्हणजे आठ तासांचे १२०. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे स्वतःच्या धंद्यात मालकीण असलेली बाई रोहयोच्या निम्म्याही मजुरीवर राबते, आणि वर ‘ताई, थोडं कमी करा की’ असं ऐकते.

भाव ३०० सांगताना आवाज बसतो, कारण मनात भीती असते – गिऱ्हाईक तुटेल. काही तुटतीलही. त्यावर उतारा म्हणजे माल तसा असला पाहिजे, आणि दर वेळी तसाच असला पाहिजे.

लिज्जत पापडाची गोष्ट इथं आठवण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, त्यातला हलका पापड स्वस्तात विकायचा. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशोब चोख लिहा. स्वस्त माल बंद करणं म्हणजे हातची विक्री सोडणं, आणि ते त्या वेळी सोपं नसणार. त्यातच पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसाळ्यातही पापड वाळू लागले. आज देशभर पोचलेल्या या संस्थेची सुरुवात अशी होती. अनुदान नव्हतं, देणगी घ्यायची नाही असं ठरवलेलं होतं, आणि अडचण आली की त्यावर खाट-शेगडीसारखा घरगुती तोडगा काढायचा.

हिशोबाची भीती आणि ‘नो यूपीआय’ची पाटी

तिसरी भीती अलीकडची आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना, बेकरीवाल्यांना, भाजीवाल्यांना जीएसटी विभागाच्या नोटिसा गेल्या. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून विभागानं विचारणा केली होती. लगेच बंगळुरूत दुकानांसमोर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढं सरकारनं सांगितलं की नोटीस म्हणजे अंतिम कर नव्हे, आणि दूध-भाजीसारख्या करमुक्त मालावर कर नाही. वातावरण निवळलं. पण ती बातमी व्हॉट्सअॅपवरून सीमेपलीकडं आली आणि कोल्हापूर-सोलापूरपासून पुढं अनेकांच्या मनात बसली – स्कॅनर लावला की नोटीस येते.

प्रत्यक्ष नियम काय आहे? महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली, तर जीएसटी नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. ४० लाख म्हणजे महिन्याला सव्वातीन लाखांहून जास्त विक्री. गावातली चहाची टपरी, पिठाची गिरणी, पंक्चरचं दुकान यांच्यापासून ही मर्यादा सहसा लांब असते. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. आणि मर्यादा ओलांडली तरी छोट्या व्यापाऱ्याला दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत एक टक्का कराची कंपोझिशन योजना आहे.

अडचण स्कॅनरची नसते, सरमिसळीची असते. दुकानाचे पैसे, मेव्हण्यानं पाठवलेले उसने, भिशीचे पैसे, शेतीचा माल विकलेले – सगळं एकाच खात्यात. उद्या कुणी विचारलं तर कुठला पैसा कशाचा हे मालकालाच सांगता येत नाही. धंद्याचं खातं वेगळं काढणं आणि रोज रात्री दहा मिनिटं वही लिहिणं हा कंटाळवाणा उपाय आहे. स्कॅनर काढून टाकणं हा सोपा उपाय आहे. पण सोप्या उपायानं तरुण गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि बँकेला दाखवायला हातात काहीच उरत नाही. ज्या नोंदीची भीती वाटते, तीच नोंद उद्या कर्जाच्या अर्जाला उपयोगी पडते.

रोजची वही आणखी एक गोष्ट दाखवते, जी पाहायला नको वाटते – धंदा खरंच फायद्यात आहे का? गल्ल्यातून घरच्या बाजाराला, पोराच्या फीला, पाहुण्याच्या चहाला पैसे निघतात. माल मात्र पुन्हा उधारीवर येतो. वर्षभर दुकान ‘चांगलं चाललंय’ असं वाटतं आणि दिवाळीला होलसेलवाला हिशोब काढतो तेव्हा घाम फुटतो. वाईट आकडा महिन्याला कळला तर काही करता येतं. वर्षानं कळला तर शेत गहाण पडतं.

बँकेची पायरी

बँकेत जाणं ही अनेकांना कोर्टाची पायरी चढण्यासारखी गोष्ट वाटते. ही भीती कशी मोडता येते याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातच आहे.

म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रस्त्याकडेला राहून अवजारं घडवणारी एक बाई पैसे साठवायला बँकेत गेली होती. पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घालायची होती. रक्कम लहान म्हणून बँकेनं खातं काढलं नाही. त्यातून ही कल्पना पुढं आली. पण परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अर्जावर अंगठे होते. दुसरी कुठली मंडळी असती तर तिथंच विषय संपला असता. या बायकांनी लिहा-वाचायचे वर्ग सुरू केले. दिवसभर काम करून रात्री अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्यांच्यातल्या पंधरा जणी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. गावात शाळाच नव्हती तर आम्ही शिकलो नाही यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. व्याजाचा हिशोब मात्र तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी ठेवली, साहेबांनीही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावा असं म्हणत. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

या गोष्टीत धाडसाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे. नकार मिळाल्यावर त्या नुसत्या पुन्हा गेल्या नाहीत. नकाराचं कारण समजून घेतलं, ते दूर करायला घेतलं आणि मग गेल्या. कर्ज नाकारलं की ‘साहेबच तसला आहे’ म्हणून परत येणं सोपं असतं. कारण लेखी मागणं, सिबिल बिघडलाय का बघणं, कोटेशन नीट आणणं याला वेळ लागतो. पण पुढचा अर्ज त्यातूनच मंजूर होतो.

योजना कमी नाहीत. मुद्रात ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. अर्ज भरायला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचं मानधन योजनेतूनच दिलं जातं. त्यामुळं ‘फाईल करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला वेगळे पैसे देण्याचं कारण नाही. सध्याची मुदत आणि अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

एक गैरसमज मात्र दूर झाला पाहिजे. हे अनुदान हातात मिळत नाही. ते कर्जखात्याशी जोडून बाजूला ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं, तरच कर्जात वळतं होतं. अनुदानावर डोळा ठेवून मशीन घेणारा हप्त्यात अडकतो. आधी विक्री जमवून मग मशीन घेणाऱ्याला अनुदानाचा खरा फायदा होतो.

अनोळखी गिऱ्हाईक

गावातलं गिऱ्हाईक ओळखीवर येतं. धंदा वाढायचा तर ओळख नसलेल्याला माल विकावा लागतो, आणि तिथं ‘नको’ ऐकायची तयारी लागते.

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी आज सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली, औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला. दोन वर्षं ‘नको’ ऐकणाऱ्या माणसानं नांगर सोडला असता, तर ते माळ तसंच राहिलं असतं.

आजच्या मसाला गटाला दोन वर्षं थांबावं लागत नाही, पण पायऱ्या त्याच आहेत. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर पाकिटावर असला पाहिजे, वजन आणि तारीख छापलेली पाहिजे, आणि तालुक्याच्या दुकानदारासमोर नमुना ठेवून त्याचं ‘बघू’ ऐकून घेतलं पाहिजे. ‘उमेद’च्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला, तर मागे खुर्चीत न बसता पुढं उभं राहून चव द्यायला पाहिजे. विकलं नाही तर का नाही, हे गिऱ्हाइकालाच विचारायला पाहिजे. तिखट जास्त होतं, पाकीट मोठं होतं, रंग फिका होता – उत्तर फुकट मिळतं, फक्त ऐकून घ्यायला जड जातं.

माल दिल्यावर पैसे मागायचीही लाज नको. उद्यम नोंदणी मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रारही करता येते. शहरातला मोठा दुकानदार महिनोन् महिने पैसे थकवतो, तेव्हा आपण काही उपकार मागत नाही हे गटानं लक्षात ठेवायला हवं.

प्रत्येक त्रास चांगला नसतो

इथं एक सावधगिरी हवी. ‘त्रास सोसल्याशिवाय मोठं होता येत नाही’ हे वाक्य भाषणात छान वाटतं. पण गावात कष्टांची कमतरता कधीच नव्हती. कष्टानं माणूस मोठा होत असता, तर ऊसतोडणी मजुरांचे बंगले असते.

फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे. काही त्रास पहिल्या दोन-चार वेळा होतो, मग कमी होतो आणि मागं काहीतरी ठेवून जातो – वही, ओळख, कसब, पत. उधारी मागणं, हिशोब लिहिणं, स्टॉलवर बोलणं हे त्यातलं. दुसरा त्रास दर महिन्याला तसाच परत येतो, उलट वाढतो. सावकाराकडून शेकडा ५ रुपये महिन्यानं ५० हजार घेतले, तर वर्षाला ३० हजार नुसतं व्याज जातं, मुद्दल जागेवरच. एक हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सचं कर्ज काढणं, झोप सोडून रात्रभर गिरणी चालवणं, पोराची शाळा बुडवून गल्ल्यावर बसवणं – यातून धंदा वाढत नाही, घर झिजतं. असा त्रास सोसण्यात शौर्य नाही. वेळीच थांबणं किंवा तोट्यातली वस्तू बंद करणं हाही एक अवघडच निर्णय असतो, आणि लोक काय म्हणतील या भिडेपायीच तो लांबतो.

त्रास कुणाच्या वाट्याला येतो, हेही बघायला हवं. बऱ्याच घरांत कर्ज बाईच्या नावावर, पैसा पुरुषाच्या हातात आणि वसुलीवाला आला की तोंड द्यायला पुन्हा बाई. ज्याच्या नावावर कर्ज, त्याच्या हातात वही आणि खातं असलं पाहिजे. नाहीतर वाढ एकाची आणि झळ दुसऱ्याला.

सुरुवात कुठून?

सगळं एकदम करायला गेलं तर काहीच होत नाही. एका महिन्यात एकच अवघड काम धरावं. पहिल्या महिन्यात रोजची वही. दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जुन्या पाच उधाऱ्यांना फोन. तिसऱ्यात धंद्याचं वेगळं खातं. चौथ्यात एका वस्तूची मजुरी धरून खरी किंमत. पाचव्यात गावाबाहेरचं एक नवं दुकान. यातल्या कशालाच कर्ज लागत नाही.

भांडवल बँक देईल, अनुदान सरकार देईल, यंत्र कंपनी देईल. समोरच्या ओळखीच्या माणसाला ‘दादा, मागची बाकी आधी द्या’ एवढं वाक्य मात्र दुकानदारालाच म्हणावं लागतं. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो. पाचव्यांदा म्हणताना पडत नाही. आणि तोवर वहीतली बाकी थोडी का होईना खाली आलेली असते.